कल्याणची गाडी

“गाडी किसके नाम पे है, चाचा?” काचेवर बोटाची पेरं वाजवत हद्दीवरचे कागद करून देणाऱ्या एजंटानं विचारलं.

“अपनी है. खुद की,” भिमाजी म्हणाला. म्हणताना त्याचा हात स्टिअरिंगवरून असा फिरला, जसा एखाद्याचा आपल्या बैलाच्या पाठीवरून फिरावा.

सोनौलीच्या बाजारात सकाळचे दहा वाजले होते. समोर शंभर पावलांवर कमान दिसत होती. अलीकडं आपला देश, पलीकडं नेपाळ. शेवगाव सोडून आज तिसरा दिवस. एवढ्या अंतरात गाडी भिमाजीनं एकट्यानं चालवली होती. मागं बसलेला गहिनीनाथ मृदंगवाला चाळिशीतला, हाताचा चांगला, खिशात परवाना असलेला. दर दोन तासांनी तो म्हणायचा, “काका, द्या जरा माझ्याकडं.” आणि भिमाजी म्हणायचा, “एवढी हद्द मला ओलांडू दे, मग घाट तुझा.”

त्याचं हे वेड गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. कारखान्याच्या संचालकांची जीप, दवाखान्याची ॲम्ब्युलन्स, शिंगणापूरच्या भाविकांच्या टॅक्स्या. लोकांना देव दाखवायचे आणि आपण पार्किंगमध्ये टायरला टेकून बसायचं, असा त्याचा जन्म गेला. म्हणून वाटेतल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर त्यानं कुणी विचारो न विचारो सांगितलं होतं, “स्वतःच्या गाडीनं चाललोय. परदेशात.”

एजंटानं आर.सी.चं कार्ड उन्हात धरलं. “इसपे तो कल्याण किसन काटे लिखा है. आप कल्याण?”

पुढच्या सीटवर भिमाजीची बायको गोजरबाई जपमाळ ओढत होती, तिचा मणी बोटातच राहिला.

“भाई है. छोटा भाई,” भिमाजी म्हणाला.

“साथ में हैं?”

“घर पे.”

एजंटानं कार्डावरच्या एका ओळीवर नख ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “चाचा, गाडी विकलांग के नाम पे है. मालिक आए, नहीं तो मालिक का लिखा हुआ ठप्पेवाला कागज. ऐसे नहीं छोडेंगे.”

मागून दगडाबाईंचा आवाज आला. शेजारच्या वस्तीवरच्या या म्हातारीला सत्तरी गाठली तरी जिभेला गंज चढला नव्हता. “काय म्हनतोय त्यो?”

“काय न्हाई आत्या. कागदाचं हाय.”

“कागदाचं न्हाई, कल्याणचं हाय. मला ऐकू येतंय.”

सहा वर्षांमागं गाडी घ्यायची ठरली तेव्हा शोरूममधल्या माणसानं विचारलं होतं, घरात कुणी अपंग आहे का? असेल तर त्याच्या नावावर घ्या, टॅक्स माफ होतो. भिमाजीला क्षणभरही विचार करावा लागला नाही. कल्याण होताच की घरात. तिसऱ्या वर्षी पोलिओनं पाय गेलेला, लग्नावाचून राहिलेला, वस्तीवरच्या पिठाच्या गिरणीत उंच स्टुलावर बसून अख्ख्या शिवाराची दळणं दळणारा. पासिंगच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून, केसाला तेल लावून नगरला आला. साहेबानं दाखला पाहिला, पाय पाहिला, सही केली. परत येताना भिमाजीनं त्याला पुढं बसवलं. शेवगावपर्यंत कल्याण नुसता काचेचं बटण दाबून काच वर करत होता, खाली करत होता.

काचेवर चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र लावलं होतं. ते भिमाजीनं दुसऱ्या दिवशी ब्लेडनं खरवडून काढलं. बरं दिसत नव्हतं, एवढंच.

आणि मग गाडी फिरत राहिली. पंचक्रोशीत कुठंही सप्ताह असो, भागवत महाराजांना आणि टाळकऱ्यांना नेणं-आणणं भिमाजीकडं. दिवस मावळायला गाडी गिरणीवरून निघाली की कल्याण पीठभरल्या भुवया वर करून विचारायचा, “दादा, जागा हाय का रं?”

“आज फुल्ल हाय. टाळकरी हायेत.”

“बरं बरं. जा तुमी.”

कीर्तन म्हणजे कल्याणचा जीव. वस्तीवरच्या सप्ताहात निरूपण करताना महाराज एखादा दृष्टांत अर्ध्यावर सोडून दुसरीकडं वळले, तर तो पुन्हा कधी जुळेल याची वाट बघत कल्याण असा बसायचा, जसं लहान पोर आईच्या ओंजळीकडं बघतं. दुसऱ्या दिवशी दळण थांबवून तो भिमाजीला विचारायचा, “काल कोनता अभंग लावला हुता म्हाराजांनी?” भिमाजी गाडीत सीट मागं करून झोपलेला असायचा. तो म्हणायचा, “चांगला हुता.” हळूहळू कल्याणनं जागेचं विचारायचं बंद केलं. अभंगाचं मात्र विचारत राहिला.

नेपाळचं खूळसुद्धा त्याचंच. काठमांडूच्या धर्मशाळेत एकादशीला महाराजांचं कीर्तन ठरल्याचं कळलं, तेव्हा गिरणीचा पट्टा चढवता चढवता तो म्हणाला होता, “दादा, तिकडं आपली गाडी जाती म्हनं. चिठ्ठी फाडली की झालं.”

“तुला न्हाई झेपायचं. पायऱ्या लई हायेत तिकडं.”

कल्याणनं हाताचं पीठ झटकलं. “व्हय,” तो म्हणाला, “ते बी खरंच हाय.”

निघायच्या आदल्या सांजेला त्यानंच कागदांची प्लास्टिकची पिशवी आणून दिली. “तिकडं आधार चालत न्हाई म्हनं, म्हनून माझं मतदान कार्ड टाकलंय. अपंगाचा दाखला बी टाकलाय. मालकाचं मागत्यात कुटं कुटं.” मालकाचं म्हणताना तो हसला होता. भिमाजीनं पिशवी न उघडता कप्प्यात टाकली होती.

“भावजींना फोन लावा,” गोजरबाई आता हळूच म्हणाली. “ठप्पा मारून कागद पाठवत्याल. न्हाई म्हननार न्हाईत ते.”

तीच तर अडचण होती. कल्याण नाही म्हणणार नाही. धापा टाकत तालुक्याला जाईल, वकिलापुढं बसेल, सही करेल, वर विचारेल, दादा, अजून काय लागंल? त्याचीच गाडी त्याच्यावाचून परदेशात न्यायची आणि त्यासाठी त्याचीच परवानगी मागायची. ती चारचौघांत, स्पीकरवर.

“संध्याकाळ होईल त्यात,” तो म्हणाला. “उद्या सकाळी नवाला कीर्तन हाय. दोनशे मानूस जमनार. घाटाचा रस्ता, वेळ मोडून चालत न्हाई.”

“त्याला आनायचा व्हता की मग,” दगडाबाई म्हणाल्या. “मागची शीट दुमडून शेगडी न् पीठ कोंबलंय. त्या पिठाच्या जागी पीठवाला बसला असता.”

“आत्या, गप बसा वाईच.”

भागवत महाराज समोरच्या टपरीच्या बाकावर डोळे मिटून नित्यपाठ म्हणत होते. त्यांच्यापर्यंत यातलं काही पोचलं नव्हतं, आणि पोचू नये असं भिमाजीला फार वाटत होतं.

एजंटानं तोवर पिशवीतलं मतदान कार्ड काढून घेतलं होतं. कार्डावरचा फोटो असा, की तो वस्तीवरच्या कुणाचाही म्हणून खपावा. त्यानं फोटो पाहिला, भिमाजीला पाहिलं.

“चेहरा तो मिलता है, चाचा.” मग तो दोन पावलं मागं सरला आणि पाय ओढत दोन पावलं चालून दाखवलं. शाळेत मास्तर कवायत दाखवतो तसं. “बस, इतना. दस मिनट का काम है. चलानेवाले में इन भैया का लाइसेन्स दे देंगे.”

गहिनीनाथ खिडकीबाहेर बघू लागला. गोजरबाई म्हणाली, “हे न्हाई करायचं. मी सांगते, हे न्हाई करायचं.”

भिमाजी खाली उतरला. दार उघडून त्यानं मागं हात केला. “आत्या, काठी द्या.”

“माझी काठी? ह्या कामाला?”

“द्या म्हनतो ना.”

दगडाबाईंनी काठी दिली, पण धरलेलं टोक जरा उशिरानं सोडलं.

कमानीपर्यंत तो नीट चालला. मग एजंट म्हणाला, “अब,” आणि भिमाजीनं कल्याणला आठवलं. दुपारी गिरणी बंद करून तो जेवायला यायचा, तेव्हा भिमाजी ओट्यावर बसलेला असायचा. गुडघ्यावर हात दाबायचा, अंग कलतं करायचं, खांदा पडायचा, मग पुढचं पाऊल. पन्नास वर्षांचं बघणं होतं ते. भिमाजीनं डाव्या गुडघ्यावर हात दाबला, अंग सोडलं आणि चालू लागला.

ते इतकं जमलं की त्यालाच दचकायला झालं.

कमानीखालून तो असा परदेशात गेला. एका सायकलरिक्षावाल्यानं ब्रेक दाबून त्याला वाट दिली. डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई बाजूला सरकली. कुणी हसलं नाही. कुणी त्याच्याकडं नीट पाहिलंही नाही. एकदा पाहायचं आणि चटकन नजर काढून घ्यायची, तसं सगळे करत होते. कल्याणला रोज हे असंच दिसत असणार, असं त्याच्या मनात आलं. ते मनातून काढायला त्यानं काठी जोरात टेकवली.

भन्सार कचेरीत, म्हणजे तिकडच्या जकातीच्या कचेरीत, लांब रांग होती. खिडकीमागं डोक्यावर नेपाळी ढाका टोपी घातलेला पन्नाशीचा कारकून होता. रांगेतून त्याची नजर भिमाजीवर पडली आणि तो उठलाच. खिडकी सोडून, दार उघडून बाहेर आला, येताना स्वतःची खुर्ची उचलून घेऊन आला.

“दाइ, बस्नुस्, बस्नुस्. आप लाइन में क्यों खडे हैं? बैठिए.”

“नको नको, मेरेकू चलता है.”

“अरे, कैसे चलता है!” कारकुनानं दंडाला धरून त्याला बसवलं, स्टीलच्या पेल्यात पाणी आणून दिलं आणि कागद गुडघ्यावर घेऊन तिथंच शेजारच्या बाकावर टेकला. भिमाजी पाणी प्याला. घशात पाण्याचा आवाज मोठा झाला असं त्याला वाटलं.

“दर्शन करने जा रहे?”

“हां. कीर्तन है हमारे महाराज का.”

“बहुत अच्छा.” कारकून लिहीत होता. “गाडी आपकी. बढिया. घर पे कौन चलाता है?”

भिमाजीच्या तोंडून उत्तर निघून गेलं. “मेरा बडा भाई.”

“अच्छा, दाजु. आपको घुमाता है?”

आता मागं फिरता येत नव्हतं. “हां,” भिमाजी म्हणाला. “मैं जिधर बोलता उधर लेके जाता. कीर्तन को, सप्ता को. पहले मेरेकू पूछता, फिर गाडी निकालता.”

“भाग्यवान हो दाइ. आजकल ऐसा भाई किधर मिलता है?” कारकुनानं मनापासून मान हलवली. मग दाराकडं मान वळवून विचारलं, “वो नहीं आया?”

“नहीं.”

“क्यों?”

भिमाजीनं काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. बाहेर कुठंतरी ट्रकचा कर्णा वाजला. “जगह नहीं था,” तो म्हणाला.

कारकून खळखळून हसला. “वाह! मालिक आ गया और भाई के लिए जगह नहीं!”

रांगेतले दोघंतिघंही हसले. भिमाजीसुद्धा हसला. हसल्यावर डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा त्यानं ते उपरण्यानं पुसलं, आणि कारकुनाला वाटलं, माणूस मोठा दिलदार आहे.

सही करायची वेळ आली. कल्याण किसन काटे. धाकट्या भावाचं नाव आपण आजवर कशावरच लिहिलेलं नाही, हे त्याला पेन हातात धरल्यावर कळलं. लग्नपत्रिका तर त्याची निघालीच नव्हती.

चिठ्ठीवर शिक्का बसला. भिमाजी उठू लागला, तसा कारकुनानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आप कहां चले? इधर बैठो, छाया में.” आणि एजंटाला म्हणाला, “गाडी इधर ही बुला लो. इनको मत चलाओ.”

एजंट पळत गेला. कारकुनानं खुर्ची व्हरांड्यात आणून ठेवली. भिमाजी तिथं बसला, काठी मांड्यांमध्ये धरून. थोड्या वेळानं कमानीखालून पांढरी गाडी येताना दिसली. एमएच सोळा. स्टिअरिंगवर गहिनीनाथ होता. पुढं बसलेल्या गोजरबाईनं हद्द ओलांडताना दोन्ही हात जोडले होते. महाराज मागच्या काचेतून कमानीकडं मान उंचावून बघत होते, आणि दगडाबाई कुणाला तरी बोट दाखवून काही सांगत होत्या. सगळी त्यात होती. हद्द ओलांडून गाडी आली, आणि तिच्यात तो नव्हता.

गाडी जाताना बसल्या जागेवरून ती अशी दिसते तर. एवढीच, पांढरी, माणसांनी भरलेली.

कारकुनानं त्याला हाताला धरून गाडीपर्यंत नेलं. गोजरबाई उतरून मागं गेली. “आराम से दाइ,” म्हणत त्यानं भिमाजीचा पाय स्वतःच्या हातांनी उचलून आत ठेवला, उपरण्याचं टोक दारात अडकू नये म्हणून आत सारलं, दार हलकेच लावलं, आणि काचेतून नमस्कार केला. भिमाजीला नमस्कार करायला हात उचलवेना.

गाडी सुरू झाली. मग मागून महाराज म्हणाले, “भिमाजी, पायाला काय झालं हो?”

“काय न्हाई म्हाराज. मुंग्या आल्यात.”

“चोळा जरा. तीन दिवस बसून आहात.” महाराजांचा आवाज इतका मायेचा होता की गोजरबाईनं पदर तोंडाला लावला. दगडाबाईंनी काठी परत मागितली नाही.

कोस-दीड कोस गेल्यावर रस्त्याकडेला चहाची गाडी दिसली. “थांबव,” भिमाजी म्हणाला. मंडळी उतरली. तो उतरून रस्त्याच्या कडेला एकटाच जाऊन उभा राहिला, तेवढ्यात फोन वाजला. टॉवर अजून आपलाच पोचत होता. कल्याण.

“दादा, गेली का गाडी?”

पाठीमागं गिरणी चालू होती. तो ओरडून बोलत होता.

“गेली.”

“मालकाचं मागितलं का काय? मी इथं आपला घोरात हुतो. म्हनलं, कागद करून ठिवायला पायजे हुता, ध्यानातच आलं न्हाई माझ्या.”

चूक माझीच, असं तो सांगत होता. भिमाजीनं रस्त्याकडं पाठ केली. “गिरणी बंद कर,” तो म्हणाला.

पट्टा उतरल्याचा आवाज आला. मग शांतता. आणि त्या शांततेत भिमाजीनं सांगितलं. काठी, कमान, मतदान कार्ड. आडपडदा न ठेवता सांगितलं. “तुझं नाव लावून, कल्याण. तुझ्यासारखा लंगडत गेलो मी. भर बाजारातनं.”

पलीकडून हसू आलं. कल्याण हसत होता, पोट धरून, अगदी खरंखुरं. भिमाजीला वाटलं, यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“कोनत्या पायानं लंगडलास रं?” हसता हसता त्यानं विचारलं.

“कोनत्या म्हंजी? डाव्या.”

हसू थांबलं.

“माझा उजवा हाय, दादा.”

भिमाजीनं फोन कानाला तसाच धरला. ओट्यावर बसून पाहिलेला तो समोरून येणारा कल्याण त्याच्या डोळ्यापुढं आला. समोरून येणाऱ्याचा उजवा पाय बघणाऱ्याच्या डाव्या अंगाला दिसतो. पन्नास वर्षांत तो त्याच्याबरोबर चालला नव्हता कधी. नाहीतर कळलं असतं.

“कल्याण,” तो म्हणाला.

“आसू दे,” कल्याण म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. “खुर्ची दिली का त्यांनी तुला?”

“दिली. सोताची दिली. पानी बी दिलं.”

“मग चांगली मानसं हायेत.” कुणीतरी दळणाचा डबा ठेवल्याचा आवाज आला, कल्याण त्याला ‘थांब वाईच’ म्हणाला. मग म्हणाला, “दादा, फोन जरा भाईर धर की. ऐकू दे मला, कसं असतंय.”

भिमाजीनं फोन कानापासून काढला आणि हात लांब करून रस्त्याकडं धरला. सायकलरिक्षाची घंटी गेली. एक ट्रक गेला, त्याच्या कर्ण्याचा सूर आपल्याकडच्यापेक्षा वेगळा होता. चहावाला दोन बायकांशी त्यांच्या भाषेत भाव करत होता. लांब कुठल्यातरी देवळात घंटा वाजली, तेव्हा भिमाजीनं हात त्या बाजूला वळवला. गोजरबाई दोन कप घेऊन आली, त्याला तसा उभा पाहून थबकली आणि काही न विचारता तिथंच उभी राहिली.

त्याचा हात दुखायला लागला. कल्याण ऐकतोय का, का मधेच फोन तुटला, हे त्यानं पाहिलं नाही.